करापुरती हजर

टोरांटोत राहणारी उल्का नाडगौडा भारतातलं आयकर विवरणपत्र ऑनलाइन भरत होती. संगणक म्हणाला, "तुम्ही वर्षातला बहुतेक काळ मिरजेत होता. अनिवासी सवलत मिळणार नाही."

ती खवळली. मिरजेत आजारी आईजवळ ती रोज दूरवरून चालवलेल्या यंत्रदेहातून बसायची, तिला भरवायची. स्वतः मात्र टोरांटोतच होती.

"आई गेली तेव्हा स्मशानात मला अग्नी देऊ दिला नाही! म्हणे, यंत्र आलं म्हणजे मुलगी हजर नव्हे. मग करासाठी कशी हजर?"

"'मी तिथे नव्हते' असं घोषित करा. कर माफ होईल."

संतापानं उल्काच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला पाण्याचा शेवटचा घोट तिनंच पाजला होता.

"होते मी तिथे!" ती ओरडली आणि तिनं सगळा कर भरून टाकला.