लव्हाळ्यातलं पाणी

तळ्याची सरकारी पाहणी करणाऱ्या हेमांगीने नावेतून घाटापाशी काठी बुडवली आणि काठी नेहमीच्या ठसक्यात बोलू लागली. गेल्या तीन दिवसांत तिथल्या पाण्याला ज्याचं ज्याचं अंग लागलं, त्या प्रत्येकाचं नाव ती सांगायची. मरळ आणि शिंगी मासे, पाणकावळे, अकरा म्हशी, त्यांना धुणारी चार माणसं. पाणमांजर नाही. सलग तिसऱ्या वर्षी नाही.

"मावशी, तीन वर्षं इथे पाणमांजर नाही असं आज मी लिहून दिलं की उद्यापासून हे तळं बुजवायला घेतील," ती नाव वल्हवणाऱ्या भागूबाई भोईंना म्हणाली.

भागूबाईंचं वल्हं थांबलं. "अन् का म्हणून? म्हशी धुत्यात तिथं पाणमांजर कशाला तडमडायला येईल? चला, दावते."

हेमांगीचा काठीवर पुरता विश्वास होता, पण तिने तोंड उघडेपर्यंत नाव वळलीसुद्धा होती. लव्हाळ्याच्या आत, पाणी जिथे हलतही नव्हतं, तिथे भागूबाई थांबल्या. पिल्लं मोठी होईपर्यंत या कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही, ही भोयांची जुनी रीत होती.

हेमांगीने काठी बुडवली.

"पाणमांजर, मादी एक. पिल्लं तीन," काठी म्हणाली. "माणूस एक. भागूबाई भोई."

हेमांगी भागूबाईंकडे वळली. "तुम्ही इथे येता? मग तीन वर्षांत एकदाही बोलला नाहीत?"

भागूबाईंनी शांतपणे वल्हं उचललं.

"तुम्ही त्या काठीलाच इचारत व्हता की, ताई."