आधी कोणी पाहिलं

“सांगून कुणाला पटायचं नाही,” म्हातारा डॉक्टर म्हणाला, “पण आत जी साक्ष चाललीय ना, ती मूळची माझी.”

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर तिघं होती. तो, शेजारी शिपाई आणि टोकाला पिशवी मांडीवर घेतलेली एक बाई.

आत त्याची जुनी विद्यार्थिनी बोलत होती. कोठडीत मेलेल्या माणसाचे तळवे तिने तपासले, खरं बाहेर काढलं, म्हणून सकाळच्या पेपरात तिचा फोटो होता. तो पेपर चार घड्या घालून डॉक्टरने बुडाखाली घेतला होता.

“माझ्या हाताखाली आली तेव्हा देह पाहून चक्कर यायची तिला. आता आयत्या बिळावर नागोबा!”

“पण साहेब, दुसरी तपासणी डॉक्टरबाईंनीच केली ना?” शिपायाने विचारलं.

“अरे, पहिली कुणाची? पोलीस म्हणाले, जिन्यावरून पडला. मी म्हटलं, पडणाऱ्याचं डोकं फुटेल, ढोपर फुटेल. तळवे कसे सुजतील? अंगठ्याने दाबून पाहिले. लिहिलं. वरच्यांनी ते पानच गाळलं! तळव्याची कातडी जाड, मार आत दडतो. चीर दे, काळं रक्त दिसेल, हे तिला फोन करून कुणी सांगितलं? मी!”

“अरेरे. पिकवलं कुणी, खाल्लं कुणी!”

“आणि काम कसं चोख! देह आला, की दारातच पायाच्या अंगठ्याला नंबराची चिठ्ठी. गाठीवर लाखेचं सील. घरचे नेईपर्यंत ते फोडायची माझीसुद्धा टाप नाही.”

“मग सांगा की आत.”

“सांगणारच. पुढचा पुकारा माझाच. उद्या बघू फोटो कुणाचा येतो!”

टोकाची बाई पहिल्यांदाच वळली.

“कोठडीत मेला तो माझा धाकटा भाऊ,” ती म्हणाली. “ते सील मी घरी फोडलं. अख्खं होतं, तुमचं काम चोखच. पण पाय इतके सुजले होते, की मोजे निघेनात. कात्रीने कापले, तेव्हा तळवे दिसले. तशीच उठून त्या डॉक्टरबाईंकडे गेले.”

डॉक्टरने चष्मा काढला. पुसला. परत लावला नाही.

“चिठ्ठी मोज्यावरून बांधली होती, साहेब. मग तळवे तुम्ही पाहिले कधी?”