शेजारणीची किटली

शेजारणीच्या घरातला पहिला प्लग उपटताना किनुएला पाप वगैरे काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. टीव्हीचा लाल ठिपका विझला. मग मायक्रोवेव्हवरचं घड्याळ गेलं.

ती आली होती आळीत घरोघर फिरणारी सूचनांची फाईल द्यायला. नव्या पानावर लिहिलं होतं, 'हिवाळ्यात वीज जपा. बटण बंद केलं तरी यंत्रं वीज पीतच असतात. वापर नसेल तेव्हा प्लग काढून ठेवा.' शेजारीण योशिनो गरम झऱ्यावर अंघोळीला गेली होती. तिचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. फाईल उंबऱ्यात ठेवून निघायचं, एवढीच रीत. पण उंबऱ्यातून ओट्यावरची विजेची किटली दिसली. घरात माणूस नाही आणि हिचं चहाचं पाणी आपलं गरमच.

“थाट बघा बाईचा,” किनुए पुटपुटली आणि जोडे काढून आत गेली.

खरं म्हणजे वीज हे निमित्त होतं. तिच्या पोटात दुखत होतं ते योशिनोच्या मुलावरून. तात्सुओ डोंगरापलीकडे सेंदाईला राहायचा, पण त्याचा फोन रोज. योशिनोला सकाळी उठायला उशीर झाला की हा लगेच विचारणार, आई, बरी आहेस ना? आणि ही ते कौतुक ताज्या लोणच्यासारखं आळीभर वाटणार.

“मी अजून अंथरुणात आहे हे त्याला तिथे बसून कळतं हो, किनुएसान,” ती कालच म्हणाली होती. “आईचं काळीज म्हणतात, तसं मुलाचंही असतं बघा.”

“असतं तर,” किनुए म्हणाली होती. घरी येऊन तिने मुळा असा चिरला की बोट थोडक्यात वाचलं.

तिचा नोबुहारु ओसाकाला. नववर्षाला एक फोन, पितरांच्या सणाला एक. दोघी एकाच वर्षी विधवा झालेल्या. किनुएने काटकसरीने संसार केला, मुलाला कशाचा त्रास दिला नाही. सुख मात्र मिळालं त्या उधळ्या योशिनोला. हा न्याय किनुएला काही केल्या पटत नव्हता.

शेवटी किटली राहिली आणि कोपऱ्यातला फोन. फोनचा हिरवा दिवा तिच्याकडे बघत होता. त्याच्यावर तिचा विशेष राग. तिने दोन्ही प्लग उपटले, फाईल उंबऱ्यात ठेवली आणि घरी येऊन जेवली. चार घास जास्तच गेले.

दुपारी रस्त्यावर गाडी करकचून थांबली. खिडकीतून पाहिलं तर तात्सुओ. ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यातली टाय मागे उडालेली. तो बूट न काढता घरात शिरला. बुटांसकट घरात शिरणारा माणूस किनुएने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ती धावतच गेली.

तो खोल्या-खोल्यांतून “आई, आई” करत फिरत होता. तेवढ्यात योशिनो आली. झऱ्यावरच जेवूनखाऊन, गळ्यात टॉवेल, गाल लालबुंद.

“मेल्या, बूट!” ती ओरडली.

तात्सुओ होता तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

“किटली बंद पडली,” तो हुंदके देत म्हणाला. “घरी फोन केला, तो लागेना. मला वाटलं, तू गेलीस.”

“किटलीचा आणि माझ्या मरणाचा काय संबंध?”

“तू तिच्यातून पाणी घेतलंस की माझ्या मोबाइलवर कळतं. प्लग निघाला तरी कळतं. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आईवर पहारा ठेवतोस का.”

योशिनोने आधी मुलाकडे पाहिलं, मग चटईवरच्या चिखलाकडे. “म्हणजे काळीजबिळीज काही नाही? किटली होय?” असं म्हणून ती त्याच्याशेजारी बसली आणि ओल्या टॉवेलने त्याचं तोंड पुसायला लागली.

किनुए दारात उभी होती. इतका हेवा तिला योशिनोचा कधीच वाटला नव्हता.

“प्लग मी काढले,” ती म्हणाली. “फाईलीत लिहिलं होतं.”

तिला वाटलं, आता शिव्या बसणार. तात्सुओने उलट मान लववली. “राहू दे, काकू. आई सुखरूप आहे, बस झालं. आणि ही किटली मला सुचवली ती तुमच्या नोबुहारुनेच. तुमच्याकडेही असेलच की.”

होती. माळ्यावर, फडक्यात गुंडाळलेली.

नोबुहारुने ती पाठवली तेव्हा पहिला आठवडाभर त्याचा रोज फोन येत होता. आई, आज चहा नाही घेतलास? शेवटी वैतागून तिने ठणकावलं होतं, “प्लग काढून ठेवलाय मी. दिवसभर वीज पिते मेली. चहा गॅसवर करते. आणि रोज उठून काय फोन करतोस, कामधंदा नाही का?” तो जरासा हसला होता. मग फोन थांबले. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते तिला माळ्याच्या शिडीवर उभं राहून कळलं.

तिने किटली खाली काढली, धुतली, भरली. प्लग लावला. इतक्या वर्षांनी कोण बघतंय, तिने स्वतःला समजावलं. त्याने कधीच बंद करून टाकलं असेल. पाणी उकळलं. तिने कप धरला आणि कळ दाबली.

कप अर्धाही भरला नव्हता, तोच तिचा जुना काळा फोन खणखणला. त्या फोनला विजेचा प्लगच नव्हता, म्हणून तो तेवढा तिच्या तावडीतून सुटला होता.

“आई!” नोबुहारु धापा टाकत होता. “घरात कोण शिरलंय? तू तर त्या किटलीला हातही लावत नाहीस!”