जर्मनपायी

“मग? माझा बाबा तवा कुठं होता?”

तात्यारावांची बोटं पेटीवर थांबली. आईला घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून पेणकरपाड्याच्या त्या खोलीत रोज संध्याकाळी हे चालायचं. विहारात गायचे तसंच. थोडं सांगायचं, थोडं गायचं. हिटलर पोलंडात घुसला. पॅरिस पडलं. आफ्रिकेच्या वाळूत रणगाडे जळले. ऐकता ऐकता मुक्ताबाई पेजेचे दोन घास घ्यायच्या, म्हणून सांगायचं.

“इटलीत, आई. सांग्रो नदीवर. आपली मराठी पोरं पाण्यातून पलीकडं चालली होती, आणि समोर जर्मन.”

“त्यात बाबा होता?”

“असणार.”

“असणार नको.” मुक्ताबाईंनी वाटी सारली. “जागा सांग. त्या अंगाला तोंड करून मला डोळे मिटायचेत.”

वडील गेले तेव्हा त्या इवल्याशा होत्या. त्यांच्या आईनं त्यांना कडेवर घेऊन गाव सोडलं ते कायमचं. विचारलं की ती एवढंच म्हणायची, जर्मनपायी गेला, पाण्याच्या काठी पडला. पुढं तोंड उघडायची नाही. गावचे कितीतरी जण पलटणीत होते. दुसरं काही कुणाच्या मनातही आलं नाही.

लढाई संपल्याला यंदा पन्नास वर्षं झाली म्हणून पेपरात फोटो येत होते. तात्याराव भिंग लावून एकेक चेहरा बघायचे. फोर्टातल्या लायब्रऱ्या झाल्या, पलटणीच्या कचेऱ्या झाल्या. आजोबांचं नाव कुठंच नव्हतं. आणि आईची पेज रोज एकेक घासानं कमी होत होती.

“पप्पा, सांगून टाका ना कुठलंतरी नाव,” त्यांची मुलगी संघप्रिया मोरीपाशी हळूच म्हणाली. “आजीला आता काय कळतंय?”

“माझा सूर हलला तरी कळतो तिला.”

पण त्या दिवशी मुक्ताबाईंनी पेजेला तोंडही लावलं नाही, तेव्हा तात्यारावांनी मनाशी ठरवलं, उद्या एक नाव सांगायचं. खोटं तर खोटं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्माजी दारात उभे. गावातले त्या वेळचे तेवढेच उरले होते; तात्याराव महिनाभर निरोप धाडत होते.

“जयभीम, मुक्ते. किती गं वाळलीस.”

“तू तरी कुठं बाळसं धरलंयस?”

तात्यारावांना धीर निघेना. “काका, आजोबा जर्मनपायीच गेले ना?”

“व्हय. जर्मनपायीच.”

मुक्ताबाईंनी किती दिवसांनी मोठा श्वास घेतला. संघप्रियानं पेजेची वाटी पुढं केली.

“सांग्रो नदीवर?” तात्यारावांनी विचारलं.

“नदी न्हाय. तळं.”

“तळं.” तात्यारावांनी घाईनं इटलीचा नकाशा पसरला. निळे ठिपके बरेच होते. “कुठल्या अंगाचं, काका? आईला तिकडं वळवायचंय.”

धर्माजींनी नकाशाकडं पाहिलं नाही. ते मुक्ताबाईंच्या उशाशी बसले.

“तू तापानं फणफणली व्हतीस, मुक्ते. पाणी पाणी करत व्हतीस. आपली हीर आटलेली. तुझ्या बानं घरातला जर्मनचा, म्हंजे अलमिनचा, टोप उचलला आन् गावाच्या तळ्यात बुडवला. आपण तळं बाटवलं म्हणून गावानं त्याला तितंच काठावर ठेचला.”