फोन आला तर

“चूक,” म्हणत दादाने पुस्तक पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. “नियम एवढाच आहे, की वकील आला तर कारकून येतो. कारकून दिसला म्हणून वकीलही आलाच असेल, हे तुझ्या मनाचं.”

धाकटीने खोडरबर उचललं. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला आठवडा उरला होता आणि या जर-तरच्या कोड्यांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. दादा त्याच परीक्षेत पहिला आला होता. अशी कोडी म्हणजे त्याच्या हातचा मळ. झोपेतून उठवून विचारलं तरी त्याचं उत्तर चुकायचं नाही, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरूही द्यायचा नाही.

आज मात्र दोघांचंही लक्ष टेबलावरच्या फोनकडे होतं. बाबा आईच्या गाठीचा रिपोर्ट आणायला दवाखान्यात गेले होते. जाताना दारातच म्हणाले होते, “रिपोर्ट चांगला असला तर तिथूनच फोन करतो. घरी पोचेपर्यंत थांबत नाही.” रिपोर्ट बारा वाजता मिळणार होता. दुपार सरली. मधे दादा पाव आणायला म्हणून खाली गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. आतल्या खोलीत आई पडून होती.

शेवटी धाकटीला राहवलं नाही.

“दादा, फोन आला नाही. म्हणजे रिपोर्ट चांगला नाही.”

“असं म्हणता येत नाही,” दादा मान वर न करता म्हणाला. “चांगला असला तर फोन, एवढंच बाबा म्हणालेत. फोन आला नाही तर काय, ते कुठे म्हणालेत? पुन्हा तीच चूक करतेयस.”

तिचा जीव भांड्यात पडला. आपण चुकलो याचा इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. त्याच भरात तिने पुढची दोन कोडी सोडवली. तिसऱ्यात घंटा होती. आग लागली तर घंटा वाजते. घंटा वाजली नाही. तिने लगेच लिहिलं, काहीच सांगता येत नाही. मग मागचं पान उघडून उत्तर ताडून पाहिलं.

उत्तर होतं, आग लागलेली नाही.

तिने नियम पुन्हा वाचला. मग आगीच्या जागी रिपोर्ट घातला आणि घंटेच्या जागी फोन. मघाशी ती चुकलीच नव्हती. चुकला होता दादा.

पण दादा तर चुकत नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मघापासून एकच पान उघडून बसला होता. त्याला सगळं कळलं होतं, आणि ते तो एकटा घेऊन बसला होता. त्याला धरून रडावं असं तिला वाटलं.

आतून आईचा आवाज आला. “बाबांचा फोन आला का गं?”

दादा पुस्तक मिटून उठू लागला.

“नाही अजून,” धाकटी म्हणाली. “पण त्यावरून काही ठरत नाही, आई. मीही आधी चुकीचंच समजले होते. हवं तर दादाला विचार.”