बरणीवरची रेघ

भट्टी निवायला अजून एक दिवस हवा होता, पण म्हाताऱ्या कुंभाराला धीर धरवत नव्हता.

"अहो, बरण्या तडकतील," बायको म्हणाली.

"तडकल्या तर सुटलो."

चाळीस वर्षं बरणीच्या खांद्यावर एका दमात सरळ तपकिरी रेघ ओढणारा त्याचा हात यंदा थरथरला होता. बाराही रेघा वाकड्या आल्या, तेव्हा कुंचला टाकून तो उठला होता. भट्टी बायकोनेच भरली. आता गिऱ्हाइकांच्या नजरेला पडण्याआधी त्याला त्या बरण्या फोडून टाकायच्या होत्या.

विटा काढून, चटके सोसत त्याने पहिली बरणी बाहेर ओढली. रेघ सरळ होती. दुसरीचीही. बाराही बरण्यांवर एकही रेघ हललेली नव्हती.

जन्मभर फक्त माती मळणारी बायको पदराशी चाळा करत उभी होती. "भट्टी भरण्याआधी झिलईचा लेप धुऊन पुन्हा चढवला," ती म्हणाली. "रेघा मी ओढल्या. रागावलात?"

त्याने फडक्यात धरलेली बरणी उजेडात हळूहळू फिरवली.

"इथे कुंचला जास्त भिजलाय," तो म्हणाला. "उद्या माझ्यासमोर ओढ."