पंपातलं घरटं

एकतीस नंबरचा फोटो हातात आला आणि बळीरामनं चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती. फोटो लख्ख होता, आणि दुखणं तेच होतं.

निंबाला टांगलेला फवारणीचा जुना पंप, झाकण कधीच हरवलेलं. त्याच्या तोंडातून दयाळ पक्ष्याची तीन पिल्लं चोची वासून बघत होती आणि आई अळी घेऊन नुकती पोचत होती. ज्या पंपातून वर्षानुवर्षं विष बाहेर पडलं, त्यातच कोणीतरी संसार थाटला होता. काढणारा झाडावर चढून नेमका घरट्याच्या उंचीला आला असणार.

लाल पट्ट्याचा तो पंप बळीरामनं ओळखला. तांड्याच्या वाटेवर, खेमसिंगच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या निंबाला तो टांगलेला असतो. आणि खेमसिंग समोरच्याच खुर्चीत बसला होता.

शाळेच्या पर्यावरण फोटो स्पर्धेला आर्णीतले दोन फोटोवाले परीक्षक म्हणून बोलावले होते. दोघांचीही लेकरं स्पर्धेत होती, म्हणून हेडमास्तरांनी फोटोंवर फक्त नंबर टाकले होते. नावांची यादी त्यांच्याजवळ बंद पाकिटात होती. पहिल्या नंबराला कॅमेरा मिळणार होता आणि नागपूरला आठ दिवसांचं शिबिर.

बळीरामचा स्टुडिओ वीस वर्षांचा. खेमसिंगनं दुकान टाकून चारच वर्षं झाली होती, पण लग्नाची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. "खेमसिंगचा फोटो बोलते," असं लोक बळीरामच्याच दुकानात बसून, त्याचाच चहा पीत सांगायचे. बळीरामच्या पोटात दुखायचं. बायकोजवळही तो हे बोलला नव्हता, पण तो खेमसिंगला पाण्यात पाहत होता, हे खरं.

"मले हाच पयला वाटते," खेमसिंग म्हणाला.

"वाटनच तुले," बळीराम म्हणाला.

त्याच्या मनात बारा नंबर होता. अरुणावतीच्या काठी अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि मागे मावळतीचा धूसर उजेड. रविवारी त्याची लेक मोनाली मैत्रिणींसोबत नदीवर गेली होती, येताना कोपर फोडून घेऊन आली होती. त्याच रात्री ती फोटो दाखवायला आली, तेव्हा बळीरामनं सरळ डोळे झाकून घेतले होते. "मी परीक्षक आहो, बाई. मले दाखवू नको." या प्रामाणिकपणाचं त्याला फार कौतुक वाटलं होतं. आता बारा नंबर पाहताच तो मनात म्हणाला, लेक कोणाची आहे!

"बारा चांगला आहे, भाऊ," खेमसिंग म्हणाला, "पन साधा आहे. असे शंभर पाह्यले आपन."

हे ऐकून बळीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या पोराला वर काढायला हा माणूस माझ्या पोरीला खाली ओढतो!

"सर, हे एकतीस नंबरचं काम लेकराचं नाही," तो हेडमास्तरांकडे वळला. "दोन-दोन घंटे झाडावर दम धरून बसा लागते याले. कोण्या जाणत्या मानसानं काढला अन् पोराच्या नावानं देल्ला."

"काहून? लेकराले दम धरता येत नाही का?" खेमसिंगनं विचारलं.

"तुले आला का त्या वयात?"

"नाही आला. म्हणून तं म्हनतो."

हेडमास्तर अवघडले. "बाद करायचा तर लेखी शेरा लागेल."

"लिहितो ना. अन् पालकाची सही बी घ्या, सर. बापाले कळू द्या." हे बोलताना बळीराम खेमसिंगकडेच बघत होता. खेमसिंगचा चेहरा उतरला, आणि बळीरामला चार वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

"भाऊ, शेरा नका लिहू," खेमसिंग हळूच म्हणाला. "नंबर नका देऊ, चालते. पन लेकरू खोटं आहे असं कागदावर नका आनू. मागून पस्तावा होईन."

"धमकी देतं का?"

"धमकी कायची देऊ?"

"मंग तुले एवढं काहून लागून राह्यलं?"

खेमसिंगनं तोंड उघडलं, पाकिटाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. "सरांनी नंबरच पाहा म्हनलं आहे. मले जास्त बोलता येत नाही."

बळीरामनं ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'सदर छायाचित्र विद्यार्थ्याने स्वतः काढलेले नाही. लबाडी केल्यामुळे बाद.' खाली सही ठोकली. खेमसिंगनं सही केली नाही, कागद तसाच परत सरकवला. मुख्य परीक्षक बळीरामच होता, त्यामुळे एक सही पुरली. पहिला नंबर बाराला गेला.

हेडमास्तरांनी पाकीट फोडलं आणि यादीवर बोट फिरवलं.

"बारा नंबर. रोशन खेमसिंग राठोड."

बळीरामला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. खेमसिंग मात्र हसला नाही, की खुर्चीत हललाही नाही.

"तू तं बाराले साधा म्हनत होता," बळीराम म्हणाला.

"साधाच आहे," खेमसिंग म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

हेडमास्तरांचं बोट एकतीसवर येऊन थांबलं. त्यांनी नाव वाचलं, चष्मा वर करून पुन्हा वाचलं, पण उच्चारलं नाही. मग त्यांनी शेऱ्याचा कागद उचलला, पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही बळीरामच्या पुढ्यात ठेवलं.

"इथं सही करा, बळीरामभाऊ," ते म्हणाले. "पालक म्हणून."